भारतीचे हात

रविवार, २० डिसेंबर १९८१

आजपासून रोजनिशी. याआधी तीनदा सुरू करून सोडली, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

साहेबांच्या मिसेसचं संक्रांतीचं हळदीकुंकू सतरा जानेवारीला, दुपारी चार वाजता. स्टाफच्या सगळ्या बायकांना बोलावणं आहे. त्याच महिन्यात हेडक्लार्कची जागा भरायची आहे. या दोन गोष्टींचा संबंध आमच्या ऑफिसात फक्त माझ्या लक्षात आला.

हळदीकुंकवात हात पुढे करावा लागतो. मनगटाला अत्तर लावतात. आणि भारतीच्या हातांवर केस आहेत. लग्नाला सहा वर्षं झाली, मी कधी एका शब्दाने बोललो नाही. आज बोललो. ‘अस्वल’ म्हणालो, पण प्रेमाने. ती पोळ्या लाटत राहिली.

दिवाळीत साहेबांची गाडी ऑफिससमोर थांबली तेव्हा काच खाली करून मिसेसचा हात बाहेर आला होता. सोन्याचं घड्याळ आणि केस एकही नाही. तो हात भारतीच्या हाताला अत्तर लावणार, या विचाराने जेवण गेलं नाही.

तरी माणसाने धीर सोडू नये. तिचं माहेरचं नाव भागीरथा. लग्नात ताटातल्या तांदळात मी ‘भारती’ लिहिलं आणि नाव एका मिनिटात बदललं. हातांना चार आठवडे म्हणजे पुष्कळ. शिवाय ‘मले’, ‘तुले’ बंद. रोज दहा वेळा ‘मला’ म्हणायचं. माहेरची पारशिवनी पारशिवनीतच ठेवायची.

बुधवार, २३ डिसेंबर

मासिकात कृती मिळाली. साखर, लिंबू, पाणी यांचा पाक करायचा, कोमट असताना हाताला लावायचा, वर कापडाची पट्टी दाबायची आणि झटक्यात ओढायची. केस मुळासकट येतात, नवे यायला चार आठवडे लागतात. याला वॅक्सिंग म्हणतात.

धरमपेठेत एक बाई पार्लरमध्ये हे करते म्हणे. गरज काय? माझं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालेलं आहे.

रविवार, २७ डिसेंबर. दुपारी ३

प्रयोग यशस्वी.

भारती म्हणाली, पहिले तुमच्या पायावर पाहा. ठीक आहे, म्हटलं, शास्त्राला घाबरायचं काय. पोटरीवर एक पट्टी लावली, तिने ओढली. माझ्या तोंडून ‘मेलो गा माय’ असं निघालं. हे कुठून आलं कळत नाही, मी असं बोलत नाही. पुरुषाचे केस जाड असतात, त्यामुळे ही चाचणी रद्द धरली.

तिचे दोन्ही हात दीड तासात झाले. पट्ट्या माझ्या जुन्या पायजम्याच्या. चारच होत्या, त्याच पुसून पुसून वापरल्या. पाक दोनदा जास्त गरम झाला. तिने दात दाबून धरले, आवाज केला नाही. सहनशक्ती चांगली आहे.

हात आरशासारखे. मी स्वतः गाल लावून पाहिला.

सोमवार, २८ डिसेंबर

उजव्या हातावर ४१ पुळ्या, डाव्यावर ३६. लाल, मोहरीएवढ्या, जिथे केस होता तिथे एकेक. मोजताना ती हात मागे घेते म्हणून पाचसहाचा फरक धरावा.

“मले लय आग होऊन राहिली,” ती म्हणाली.

‘मला’ म्हण, मी सांगितलं.

“मला लय आग होऊन राहिली.”

प्रगती आहे.

बुधवार, ३० डिसेंबर

शेजारची प्रयागबाई भिंतीवरून डोकावली. दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे स्वतःला सर्जन समजते. तिचं म्हणणं असं की ओढायच्या आधी हात धुऊन कोरडे हवेत, पट्ट्या उकळलेल्या हव्यात, एक पट्टी दुसऱ्यांदा वापरायची नाही. नंतर गार पाण्यात भिजवलेलं सुती फडकं ठेवायचं, सैल बाहीचं घालायचं, आणि दोन दिवस साबण, पावडर, तेल, ऊन काही लागू द्यायचं नाही. खाजवायचं तर मुळीच नाही.

म्हणजे काहीच करायचं नाही. याला काय उपाय म्हणतात? जगात काहीच न करून कुणी हेडक्लार्क झालेला नाही.

मी दोन्ही हातांना सुगंधी पावडर भरपूर चोपडली आणि वर नायलॉनचं पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालायला लावलं. पुळ्या झाकल्या की बसतात.

शुक्रवार, १ जानेवारी १९८२

उजवा ५८, डावा ५५. काहींची तोंडं पांढरी.

नव्या वर्षाचा संकल्प: चिडायचं नाही. दुपारी चिडलो. तिने झोपेत खाजवलं होतं. सगळी मेहनत माझी, आणि हिला दोन हात सांभाळता येत नाहीत.

रविवार, ३ जानेवारी

मधले काही केस राहिले होते. पुळ्यांवरूनच दुसरा हात फिरवला. पट्ट्या त्याच; या वेळी मात्र धुतलेल्या होत्या. थोडं रक्त आलं. मग टाचणी पेटत्या काडीवर धरून पांढऱ्या तोंडाच्या पुळ्या फोडल्या. प्रयागबाईने हे पाहिलं असतं तर तिलाही निर्जंतुक म्हणजे काय ते कळलं असतं.

भारती म्हणाली, मी हळदीकुंकवाले जात नाही, तुमीच जा. विनोद करते अधूनमधून.

गुरुवार, ७ जानेवारी

मोजणं बंद केलं. पुळ्या एकमेकींत मिसळल्या, हिशोब लागत नाही.

पण उपाय सापडला, आणि तो डोळ्यांसमोरच होता. शालिकराम चपराशी काटोलचा. त्याच्या भावाच्या बागेतली संत्री तो पिशवीभर घेऊन आला. साल ताजी, तेलकट. साल वाटायची, त्यात चार लिंबांचा रस, आणि लेप. लिंबाने जंतू मरतात, सालीने कांती येते. नागपुरात राहून हे कुणाला सुचू नये याचं नवल वाटतं. पेटंटची चौकशी करणे.

रविवार, १० जानेवारी. संध्याकाळी

लेप लवकर वाळावा म्हणून भारतीला गच्चीवर बसवलं. दहा ते एक. हात पुढे करून, तळवे खाली. थंडीतलं ऊन गोड असतं, शिवाय त्यात व्हिटॅमिन असतं. मी खाली पेपर वाचला. दोनदा वर जाऊन हात नीट धरलेत का ते पाहून आलो. दुसऱ्या वेळी डोळ्यांत पाणी होतं. लिंबाच्या वासाने येतं.

प्रयागबाई तिच्या गच्चीवरून ओरडली, “काहून बसवलं गा तिले उन्हात?” मी पेपर उलटला. नंदनवन कॉलनीत शेजार चांगला नाही.

मंगळवार, १२ जानेवारी

काल रात्रीपासून हातांना फोड. पाण्याचे, बोराएवढे. आज स्किनच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी हात उलटेसुलटे केले आणि विचारलं, हे कुणी केलं? मी हसून सांगितलं, “साहेब, खेड्यातल्या बायका. काहीतरी वाचतात अन् करून बसतात.” बाहेर पंधरा पेशंट बसलेले असताना एवढं सांभाळून घ्यावं लागतं. भारती माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. समजूतदार आहे.

डॉक्टर तिलाच रागावले. सोललेल्या कातडीवर लिंबाचा रस आणि वर ऊन म्हणजे भाजून घेणंच आहे, म्हणाले. डाग सहा महिनेही राहतील. केस काढायचेच असतील तर स्वच्छ हात, नवं कापड, नंतर गार पाणी, आणि मग हात सोडून द्यायचे. प्रयागबाई यांना आधीच भेटून गेलेली दिसते.

गुलाबी औषध दिलं. येताना भारती रिक्षात कडेला सरकून बसली होती.

गुरुवार, १४ जानेवारी. संक्रांत

तिळगूळ दिला. तिने घेतला, खाल्ला नाही. परवापासून बोलत नाही. ‘मले’ही नाही आणि ‘मला’ही नाही.

असे हात घेऊन साहेबांच्या घरी जाता येणार नाही. मिसेसला सांगायचं, सासूबाई आजारी, भारती माहेरी गेली. उत्तम.

शुक्रवार, १५ जानेवारी

ऑफिसातून आलो तर दाराला कुलूप. किल्ली प्रयागबाईकडे. भारती सकाळच्या एसटीने पारशिवनीला गेली.

मी तिला माझा बेत सांगितलाही नव्हता. नवऱ्याच्या मनातलं ओळखणारी बायको मिळणं भाग्याचं आहे. आता मिसेसशी खोटंही बोलावं लागणार नाही.

रविवार, १७ जानेवारी. संध्याकाळी ७

साहेबांच्या बंगल्यावर निरोप द्यायला गेलो. पुरुष मी एकटाच. मिसेस व्हरांड्यात आल्या, माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

त्यांच्या हातावर केस होते. भरपूर. मनगटापासून कोपरापर्यंत. भारतीपेक्षा जास्त.

दिवाळीत गाडीतून दिसला तो हात कुणाचा होता, हे आता कुणाला विचारणार?

भारती माहेरी गेली, मी म्हणालो. कुठे, त्यांनी विचारलं. पारशिवनी म्हणताच त्यांचा चेहरा उजळला. “अरे, माही मावशी तिथलीच. मले कोणी आपल्या बोलीत बोलणारंच नाही भेटत इथं. तिले आल्यावर पाठवा, आम्ही दोघी बसू.”

तिच्यासाठी वाण म्हणून स्टीलची वाटी दिली. ती हातात धरून मी फाटकापर्यंत आलो. आत बायका हसत होत्या, माझ्यावर नसाव्यात.

गुरुवार, २१ जानेवारी

हेडक्लार्कची ऑर्डर निघाली. देवराव. माझ्याहून चार वर्षं सीनिअर. सीनिऑरिटीनेच होणार होतं, असं सगळे म्हणतात. देवरावची बायको वारून सात वर्षं झाली.

पेढा खाल्ला.

रविवार, २४ जानेवारी

पारशिवनीला जाऊन आलो. सासरे रुपराव यांनी चहा दिला, कापसाबद्दल बोलले, हातांबद्दल बोलले नाहीत. भारती अंगणात तूर पाखडत होती. बाह्या वर दुमडलेल्या, हातांवर चहा सांडल्यासारखे डाग. येणारेजाणारे पाहत होते, तिला काही वाटत नव्हतं.

मी मोठ्या मनाने सांगितलं की झालं गेलं विसरू. साहेबांच्या मिसेसनी मुद्दाम बोलावलंय. वाटीही पुढे केली. तिने सूप खाली ठेवलं.

“डॉक्टरसमोर तुमी माह्यावर घातलं,” ती म्हणाली. “आता पहिल्यावानी केस येऊ द्या हातावर. मंग पाहतो मी.”

चार आठवड्यांची भाषेची मेहनत नऊ दिवसांत पाण्यात गेली. पण अट स्पष्ट आहे आणि मी ती मान्य केली. मासिकात चार आठवडे दिले आहेत. एकवीस फेब्रुवारी. कॅलेंडरवर खूण केली.

रविवार, २१ फेब्रुवारी

घर झाडलं. सकाळी नऊपासून एसटी स्टँडवर. पारशिवनीच्या तीन गाड्या आल्या. तिसरीतून उतरलेली एक बाई मागून तशीच वाटली, मी पिशवी घ्यायला हातही पुढे केला.

थंडीत केस उशिरा वाढत असतील. घरी करमत नाही. स्वयंपाकघरात दिवा न लावताच उभा राहिलो होतो थोडा वेळ.

मंगळवार, ९ मार्च

भागीरथाचं पत्र आलं. प्रयागबाईला. मी विचारलं, माझ्यासाठी काही? तिने पत्र पुन्हा वाचून पाहिलं, दोन्ही बाजूंनी.

“हात बरे झाले म्हणते,” प्रयागबाई म्हणाली. “डाग जाऊन राहिले. बस, एवढंच हाय भाऊ.”

रविवार, २८ मार्च

मासिकात चार आठवडे लिहिले होते. आज नऊ झाले. केस केव्हाच आले असतील.