चावी जागेवर आहे

२ मार्च, रविवार
मी नऊ वर्षांची असताना बाबा शेजाऱ्यांना म्हणाले होते, "हिच्या हातात काहीही द्या, उघडून दाखवेल." इतकं नेमकं कौतुक पुढे कुणी केलं नाही. आज ते आठवलं, कारण बाबांचा बागेतला छोटा ट्रॅक्टर टेम्पोने आमच्या गॅरेजात आला. लाल, बुटका, पोटाखाली गवत कापायची पाती. वय बावन्न, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बाबांनी घर विकलं आणि ते दादाकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. तिथे ट्रॅक्टर कुठे ठेवणार? त्यांच्या जुन्या गल्लीतले, पाण्याचे पंप दुरुस्त करणारे पंपवाले काका मागत होते. मी दिला नाही. म्हटलं, नव्यासारखा करते. १८ मेला बाबा ऐंशीचे होतील. त्या दिवशी ते यावर बसून आमच्या अंगणात फेरी मारतील. शब्द दिलाय.
अकरा आठवडे आहेत. सहा पुरतील.

९ मार्च
पूर्ण उघडला. खरं तर फक्त कार्ब्युरेटर साफ करायचा होता. पण एक उघडलं की त्याच्यामागचं खुणावतं. प्रत्येक पायरीचे फोटो काढले. नट-बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये, प्रत्येकाला चिठ्ठी. इंजिनाचं ते जडशीळ चाक हातोडीने काढताना आतून नखाएवढा एक तुकडा पडला. अर्ध्या चंद्रासारखा, मध्ये चिरलेला. असल्या तुटक्या गोष्टीच इंजिनाची वाट लावतात. केरात टाकला.
नवऱ्याने विचारलं, आपली गाडी आता कुठे लावायची? प्रश्न साधा होता, सूर नव्हता.

१५ मार्च
बाबांचा फोन. आधी ट्रॅक्टर कसा आहे, मग मी कशी आहे.
विचारलं, "चावी बघितलीस का?"
म्हटलं, जागेवर आहे, खिळ्याला. नवी रिंगही लावली. बाबा "अगं, ती नव्हे..." असं काहीतरी म्हणत होते, तेवढ्यात दारावर कुरिअरवाला आला. नंतर करते म्हटलं.
वय झालं की माणसं किल्ल्याकुलपांची फार काळजी करतात.

२३ मार्च
बाबांना फोन करायचा राहिला. दादाचा मात्र आला. बाबांचे हात हल्ली फार थरथरतात म्हणे. सगळ्यांचं झाल्यावर एकटे जेवायला बसतात. कुणाकडे जात नाहीत, चहा सांडतो म्हणून. तू एकदा येऊन जा, असं म्हणाला.
जाणारच होते आज. पण रविवारच मिळतो कामाला. आणि काम तरी कुणासाठी चाललंय?

६ एप्रिल
रंग दिला. आधी इंजिन बसवायला हवं होतं, पण रंग दिसला की हुरूप येतो. लेक बघून गेली. म्हणाली, "आई, पेशंटचं पोट उघडं आहे आणि तू त्याला नेलपॉलिश लावतेयस."
हिला कौतुक करायला कुणी शिकवलंच नाही. म्हणजे मीच नाही.

१३ एप्रिल
फोनची मेमरी भरली. इंजिन जोडायचे व्हिडिओ उतरवायला जागा हवी होती म्हणून काही जुने फोटो उडवले. कुठले, ते नंतर लक्षात आलं.
काही बिघडत नाही. चिठ्ठ्या आहेत.

२० एप्रिल
चिठ्ठ्या वाचल्या. "छोटा." "जरा छोटा." "हा नाही, तो." "इथलाच."
कुणाला उद्देशून लिहिलं होतं मी?

२७ एप्रिल
जोडला! अकरा भाग उरले. पूर्वीचे कारखानेवाले सगळं सढळ हाताने घालायचे. चावी फिरवली. धाड्‌कन आवाज, थोडा धूर, मग शांत. जीव आहे त्यात. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी पाचदा फिरवायची. सवय लागेल.
बाबांना कळवलं, चालू झाल्यातच जमा आहे.

४ मे
बाबा म्हणाले, "आवाज ऐकव."
काय करणार? लेकीच्या फोनवर एक व्हिडिओ लावला आणि माझा फोन त्याच्याजवळ धरला. अर्धा मिनिट. बाबांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "आपला एका सिलेंडरचा होता. दुसरा कधी बसवलास?"
म्हटलं, गॅरेज रिकामं आहे ना, आवाज घुमतो.
"बरं."
पूर्वी माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करताना असंच "बरं" म्हणायचे. त्यापेक्षा ओरडले असते तर मी जेवले असते. लेक दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिच्या फोनवरून खोटं बोलले, याचा राग असणार.

११ मे
शेवटी पंपवाल्या काकांना बोलावलं. मी त्यांना ट्रॅक्टर दिला नव्हता, तरी आले. तेही बसने. त्यांनी ते जड चाक उतरवलं. आत बोट फिरवलं. विचारलं, "ताई, चावी कुठाय?"
खिळ्याकडे बोट दाखवलं.
काका हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, चाक दांड्यावर घसरू नये म्हणून मध्ये लोखंडाचा एक तुकडा बसवतात. अर्ध्या चंद्रासारखा. आम्ही त्यालाच चावी म्हणतो. तो जरा चिरला की इंजिन खोकतं. नवा घातला की झालं, पाच मिनिटांचं काम. "तुमच्या बाबांना ठाऊक होतं. मला म्हणाले होते, पोरीला सांगतो म्हणून."
आता मात्र चाक तसंच फिरून फिरून दांड्याची खाच चेचली गेली आहे. दांडा मिळाला तर बघू, म्हणाले. बावन्न वर्षांपूर्वीचा दांडा. चहा न घेताच गेले.

१७ मे, शनिवार, सकाळी सात
उद्या वाढदिवस.
ही वही कुणी वाचत नाही, तर इथे तरी सरळ लिहावं. ट्रॅक्टर आला तेव्हा चालू होता. टेम्पोच्या फळीवरून मीच चालवत उतरवला. जरा खोकत होता, एवढंच.
आणि तो नवा करायचा, हे बाबांनी कधी मागितलंच नव्हतं. दादाकडे जाऊन त्यांच्यासमोर बसले असते तर ते हात बघावे लागले असते. इथे निदान पाने होते, स्क्रू होते, मला येत नाही, पण शिकता येईल असं काहीतरी होतं. अकरा रविवार गेले. त्यातला एकही त्यांचा नव्हता.
आता फोन करते. सगळं सांगते, व्हिडिओचंसुद्धा. ते "बरं" म्हणतील. मग विचारीन. "बघू" म्हणतील, आणि बाबांचं "बघू" म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी विचारीन.
बाबा, उद्या मी न्यायला येते, तुम्ही आमच्याकडे याल का? ट्रॅक्टर बंद आहे. चहा मी अर्धाच कप देईन, आणि सांडला तर सांडला.