फी पूर्ण, ओरडा नाही

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार
सिलिंडर आला. गॅसवाल्याने तो जिन्याखाली ठेवला आणि वर न्यायचे दहा रुपये मागितले. लखनऊला अलीगंजच्या या घरात एकवीस वर्षं सिलिंडर मीच वर नेतो. दुसरा मजला, अडतीस पायऱ्या. त्याला म्हणालो, चल हट. पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबलो. दमलो नव्हतो. कठडा हलतो का ते बघत होतो. बघायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात अभिजित भाजी घेऊन आला. गॅसवाला अजून खालीच होता. अभिजितने वळणावरूनच त्याला हाक मारली आणि दहाची नोट दिली. तो माणूस माझ्यासमोरून सिलिंडर खांद्यावर टाकून शिट्टी वाजवत गेला. अभिजित म्हणाला, बाबा, पुढच्या वेळेपासून तुम्ही यात पडू नका.
दूध सून मंजिरी आणते. बिलं अभिजित भरतो. नात शर्वरीला शाळेत रिक्षा नेते. या घरात सिलिंडर तेवढा माझा होता.
रात्री जेवलो नाही. कोणी आग्रह केला नाही, म्हणून थोडा भात खाल्ला.

१८ नोव्हेंबर
पेपरात गुलाबी कागद निघाला. फौजी दम-खम शिविर. बिना मशीन, बिना दवा, सिर्फ़ अपना शरीर. चालीस दिन में जवान. महानगर वस्तीतल्या पार्कात, पहाटे साडेपाच. फी तीनशे. चालवणारा निवृत्त सुभेदार दीनानाथ.
शुद्ध लूट. दंड-बैठका काढायला पैसे कसले? शरीर माझं, जमीन सरकारची, हवा देवाची. या माणसाचं त्यात काय आहे?
बायकोला, वासंतीला, हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग नका जाऊ. असं बोलून ती विषय संपवते. छत्तीस साली माझा काका रोज शंभर जोर काढायचा, हेही सांगायचं होतं. ती दळण घेऊन गेली.

२० नोव्हेंबर, सकाळी ७
सायकलवरून पार्कात जाऊन आलो. भाग घ्यायला नव्हे, लूट कशी चालते ते बघायला.
पंधरा-वीस माणसं ओल्या गवतावर पालथी. सुभेदार मधून फिरतो आणि ओरडतो. काय आवाज आहे. इथल्याच कपूरथळा चौकात मिठाईचं दुकान चालवणारा विनय नावाचा एक जाडा आहे, त्याला म्हणाला, ए रसगुल्ले, पेट ज़मीन से उठा, ज़मीन तेरे बाप की है क्या. आणि तो रसगुल्ला उठला की. लाल झाला, रडकुंडीला आला, पण उठला.
आता समजलं. तीनशे रुपये व्यायामाचे नाहीत, ओरडण्याचे आहेत. घरी व्यायाम होत नाही कारण घरी कोणी ओरडत नाही. मी रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होतो, तेव्हा फोरमन रोज आईबहिणीवरून ओरडायचा. तेव्हा मी इंजिनाचं चाक एकट्याने हलवत असे. हिशेब सरळ आहे.
पुढचा सिलिंडर महिन्याभराने येईल. तो मी नेणार. न थांबता.

२१ नोव्हेंबर
फॉर्म भरला. पासष्टच्या वर घेत नाहीत. सर्व्हिस बुकात माझं वय चौसष्ट आहे. आई चार वर्षं जास्त सांगायची, पण आई शाळेत गेली नव्हती. मी सातवीपर्यंत गेलो आहे. कागद खरा धरला पाहिजे.
फी एकदम भरली. सुभेदार म्हणाला, बाबूजी, अर्धीच द्या, बाकीचं जमलं तर बघू. मला राग आला. जमलं तर म्हणजे काय?

२३ नोव्हेंबर
दुसरा दिवस. मला झाडाला हात टेकून पुशअप करायला लावले. बाकीचे जमिनीवर. त्या जमिनीवरच्यांना ओरडा, मला, बाबूजी, आप आराम से.
आराम करायला घरी खाट होती.

२५ नोव्हेंबर
मुद्दाम चूक केली. सगळे उजवीकडे पळाले, मी डावीकडे. वाटलं, आता येईल. सुभेदार धावत आला, माझा हात धरून मला उजवीकडे नेऊन सोडलं आणि विचारलं, चक्कर तो नहीं आ रही? त्याच वेळी विनय एक पाऊल चुकला तर त्याला पार्काच्या तीन फेऱ्या.
घरी वासंतीला म्हणालो, लखनऊची ही आप-आप करण्याची सवय एक दिवस या शहराला बुडवेल. ती म्हणाली, गुडघ्याला तेल लावू का. नको म्हणालो. मग लावून घेतलं.

२७ नोव्हेंबर
पार्कात माझ्यासाठी खुर्ची आली. प्लास्टिकची, लाल. सुभेदाराने स्वतः आणली. मी तिच्यावर बसलो नाही. शेवटची पंधरा मिनिटं बसलो. ओल्या गवतावर उभं राहून खुर्ची रिकामी ठेवणं वाईट दिसतं.

३० नोव्हेंबर
मलाही ओरडा मिळावा म्हणून लेखी अर्ज केला. रेल्वेत तोंडी बोलण्याला किंमत नसते हे मी जाणून आहे. माझं हिंदी बोलायचं बरं, लिहायचं नाही, म्हणून शर्वरीकडून लिहून घेतला. आमची ही नात मराठी समजते आणि उत्तर हिंदीत देते. सविनय निवेदन है कि प्रार्थी ने पूरी फ़ीस जमा की है, अतः प्रार्थी को भी अन्य सदस्यों की भाँति डाँटा जाए. शर्वरीने विचारलं, आजोबा, ये सच में देना है? म्हणालो, तू लिही. तिने खाली सुंदर अक्षरात आपका आज्ञाकारी असंही लिहिलं. ते खोडलं.

१ डिसेंबर
सुभेदाराने अर्ज दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. म्हणाला, बाबूजी, आपको कैसे डाँट दूँ, मेरे पिताजी आप ही की उमर के थे.
थे म्हणजे काय?
फी परत मागायचा विचार केला. पण दहा दिवस झाले आहेत, निर्णय घाईने घ्यायचा नाही. वीस दिवसांनी घ्यायचा.

५ डिसेंबर, सकाळी ८
आज ओरडला. मी झाड सोडून जमिनीवर गेलो होतो. तिसऱ्या पुशअपला मागून आवाज आला, ए, कमर नीचे, बारात में आया है क्या. अंगावर काटा आला. चौथा पुशअप काढला. पाचवाही निघाला असता. उठताना विनयने हात दिला, तो मी घेतला, कारण तो वाईट वाटून घेतो.
फी वसूल. कार्यक्रम उत्तम आहे. घरी सगळ्यांना सांगितलं. अभिजित म्हणाला, वा, बाबा.

संध्याकाळी ६
कपूरथळ्याला विनयच्या दुकानात गेलो. तो म्हणतो, ओरडा त्याला होता, तो माझ्या मागेच होता. सुभेदाराची नजर कोणाकडे होती हे त्याला पालथं पडून कसं दिसलं? खोटारडा आहे. वर पाव किलो जिलबी घ्यायला लावली.

९ डिसेंबर
धुकं. मला गिनती करायचं काम दिलं. एक, दो, तीन, मी म्हणायचं आणि बाकीच्यांनी खाली जायचं. म्हणजे मी आता शिकणाऱ्यांत नाही, शिकवणाऱ्यांत आहे. एवढ्या लवकर बढती रेल्वेत कोणाला मिळाली नाही.
सदतीसनंतर अडतीस न म्हणता पुन्हा तीस म्हणालो. माणसं ओरडली, पण सुभेदारावर.

१३ डिसेंबर
गिनती आता विनय करतो. माझ्याकडे सगळ्यांची घड्याळं, स्वेटर आणि किल्ल्या. फौजेत ज्याच्याकडे सामान त्याच्यावर सगळ्यांचा जीव असतो. खुर्चीवर बसावं लागतं, कारण मांडी लागते. अकरा स्वेटर मांडीवर. थंडी वाजली नाही.
सुभेदाराने सगळ्यांना सांगितलं, बाबूजींचा टाइम कसा आहे बघा, एक दिवस चुकले नाहीत. टाळ्या. मला टाळ्या नको होत्या.

१७ डिसेंबर
गॅस संपला. शेजारून मागून आणलेल्या रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक. रॉकेलच्या वासाने मंजिरीचं डोकं चढतं, ती डोक्याला रुमाल बांधून पोळ्या करते. मी तिला म्हणालो, दोन दिवस थांब, सिलिंडर येऊ दे, मी आहे. ती म्हणाली, हो बाबा. काय हो बाबा?
अभिजित आणि ती खोलीत काहीतरी बोलत होते. मी गेल्यावर थांबले.

१९ डिसेंबर, सकाळी ९.३०
झालं.
पार्कातून आलो तर जिन्याखाली, अभिजितच्या स्कूटरच्या जागी, सिलिंडर उभा. गॅसवाला भल्या सकाळी टाकून पळाला असणार, दहा रुपयांचं तोंडसुद्धा न उघडता. माझी चर्चा त्याच्यापर्यंत गेलेली दिसते. घरात कोणी नाही. अभिजित बँकेत, मंजिरी शाळेत शिकवायला, वासंती हनुमान मंदिरात.
मफलर खांद्यावर टाकला, सिलिंडर उचलला आणि निघालो. अडतीस पायऱ्या. वळणावर थांबलो नाही. कठड्याकडे बघितलंही नाही. चार मिनिटांत स्वयंपाकघरात. महिन्यापूर्वी हाच सिलिंडर तीस किलोचा लागला होता, आज पंधराचा वाटला. याला म्हणतात कार्यक्रम. ओरडा मिळो न मिळो, शरीर ऐकत होतं. सुभेदाराबद्दल जे लिहिलं ते चुकीचं होतं.
सिलिंडरला सील नव्हतं आणि प्लास्टिकची टोपीही नव्हती. गॅसवाले हल्ली कामात ढिलाई करतात. एजन्सीत तक्रार करणार.
आता जरा पडतो. पाठीला उसण भरली आहे, ती धुक्याने.

१९ डिसेंबर, दुपारी ३
वासंतीने उठवलं. तिने सांगितलं ते असं. तो सिलिंडर रिकामा होता. अभिजितने सकाळी तो खाली नेऊन ठेवला होता आणि खालच्या कल्पनाबाईंकडे पैसे आणि पासबुक देऊन ठरवलं होतं, की गॅसवाल्याने रिकामा उचलून भरलेला थेट वर पोचवायचा. म्हणजे मला कळायलाही नको. गॅसवाला साडेदहाला आला, जिन्याखाली रिकामा सिलिंडर नाही. वर येऊन घंटा वाजवली. मी झोपलो होतो. रिकामा दिल्याशिवाय भरलेला देत नाहीत. तो निघून गेला. कल्पनाबाई म्हणाल्या, आता थंडीत नंबर मागे गेला, नव्या वर्षाच्या आत काही नाही.
मी म्हणालो, मला आधी सांगायला काय झालं होतं? वासंती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही उचलला असता.

रात्री ९
आता सगळ्यांचा राग फुटेल म्हणून तयार बसलो होतो. उत्तरं पाठ केली होती. एक, सील का नव्हतं. दोन, मला विश्वासात का घेतलं नाही. तीन, एकवीस वर्षं कोणी वर नेला.
अभिजित आला, त्याला कळलं. बूट काढता काढता म्हणाला, असू दे बाबा, होतं असं. कपडे बदलून रॉकेलचा डबा घेऊन रांग लावायला गेला. मंजिरीने रुमाल बांधला आणि स्टोव्हला पंप मारू लागली. मी म्हणालो, तुझी चूक नाही, माझी आहे. ती म्हणाली, तुम्ही पाठीला शेक घ्या. वासंतीने शेकायची पिशवी आणून दिली, तीही गरम.
सर्व्हिसमध्ये एकदा एक व्हॉल्व्ह उलटा बसवला होता. फोरमन अर्धा तास ओरडला होता, सगळं वर्कशॉप जमलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानेच मला दोन व्हॉल्व्ह बसवायला दिले.

२२ डिसेंबर, रविवार
सुभेदाराला सांगितलं, उद्यापासून येत नाही. वाटलं विचारेल का. तो म्हणाला, जैसी आपकी इच्छा, बाबूजी. माझ्या मांडीवरचे स्वेटर त्याने स्वतः उचलून खुर्चीवर ठेवले. खुर्चीवर नीट बसले ते.
कार्यक्रम चांगला की वाईट, याचा निर्णय मी घेत नाही. घेऊन कोणाला सांगायचा?
दुपारी सगळे खिचडी खात होते. घरभर रॉकेलचा वास. तीन दिवस झाले, एक शब्द नाही. शेवटी मी ताट सरकवलं आणि मोठ्याने विचारलं, एवढं नुकसान केलं मी, कोणी मला काही बोलणार आहे की नाही?
शर्वरी म्हणाली, आजोबा, धीरे बोलिए ना, मम्मी के सर में दर्द है.
मग हळू विचारलं. ते कोणाला ऐकू गेलं नाही.