दोन वारनंतर

बाबा, बातम्यांत खेळाडूंचा लिलाव पहिल्यांदा दाखवला तेव्हा तुम्ही जेवत होतात. घास हातातच धरून म्हणालात, "मानसायचा हर्रास होऊन राह्यला का? आन् पुकारणारा तं कोनाले श्वासबी घेऊ देत नाही." आईने ताटात भाकर टाकत टोमणा मारला, "मंग तुमीच जा ना मुंबईले. तुमचं जिनिंग तं अर्धा हंगाम बंदच असते." तुम्ही हसलात. त्या वर्षांत कापसावर कोणी हसत नव्हतं, म्हणून ते मला लक्षात आहे.

जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्यांचा हर्रास तुम्ही पुकारायचात. दम्यामुळे मला शाळेत उशिरा घातलं, तोवर माझी शाळा म्हणजे तुम्हीच. एक वार, दोन वार, तीन वार, हेच माझे पहिले अंक. दोन वारनंतर तुम्ही मुद्दाम थांबायचात आणि तळहात चोळत एकेकाच्या तोंडाकडे पाहायचात. का, असं विचारलं तर म्हणालात, "कोनाचा हात उठता उठता राह्यला असन, त्याले वेळ द्या लागते, बाई. तीन वार म्हटलं का संपलं सारं." मी ते इतकं मनावर घेतलं की आजही साध्या प्रश्नाला उत्तर देताना थांबते. ऑफिसातल्या लोकांना तो भित्रेपणा वाटतो. थोडा असेलही.

टीव्हीवरची लीग दुसऱ्या वर्षाला आली तशी आपल्या तालुक्यातही निघाली. दहा षटकांचे सामने, रंगीत जर्सी, आणि पैशांऐवजी पॉइंटवर खेळाडूंचा हर्रास. जिनिंगच्या शेठने एक संघ घेतला, आपल्या वस्तीतल्या पोरांनी एक. पुकारायला तुम्हाला बोलावलं. दादासारखा वेगवान बॉलर तेव्हा केळापूरपर्यंत कोणी नव्हता, आणि पोरांनी त्याच्यासाठी पॉइंट राखून ठेवले होते. ज्यांच्यासोबत फळकुटाच्या बॅटनं खेळत मोठा झाला, त्यांच्याच जर्सीत एकदा लोकांसमोर बॉल टाकायचा, एवढंच त्याला हवं होतं. आठवडाभर तो दुसरं काही बोलला नव्हता.

हर्रासाच्या मंडपात मी आईशेजारी बसले आहे. दादा इस्त्रीच्या शर्टात स्टेजवर उभा आहे, हात मागे बांधून. शेठचा मॅनेजर बोली वाढवतो, वस्तीचा कप्तान वाढवतो, मॅनेजर पुन्हा वाढवतो. कप्तान शेजारच्याच्या कानाला लागतो आणि त्याचा हात वर येऊ लागतो. तुम्ही त्या हाताकडे पाहता. मी तुमच्याकडेच पाहते आहे, म्हणून मला पक्कं माहीत आहे. आणि तुम्ही एक वार, दोन वार, तीन वार एका दमात म्हणून टाकता.

"काका, हात होता ना आपला," कप्तान म्हणतो.

"उशीर झाला, बाबू. बस चालली गेली," तुम्ही माइकवर म्हणता. मंडप हसतो. दादाही हसतो, कारण स्टेजवर दुसरं काय करणार.

शेठला दादाला खेळवायचं नव्हतंच, फक्त वस्तीला मिळू द्यायचं नव्हतं. पूर्ण लीगभर दादाने बाउंडरीबाहेर बसून इतरांना पाणी पोचवलं. वस्तीतले सोबती त्याला "शेठचा माल" म्हणू लागले. त्याने बॉल पुन्हा हातात घेतला नाही. हर्रासाच्या दिवशी घरी येताना मी विचारलं होतं, "काहून थांबले नाही, बाबा?" तुम्ही पुढे चालतच म्हणालात, "टीव्हीत असंच करतेत. खेळ लहान झाला, हर्रासबी लहान."

पुढच्या हंगामात जिनिंगने बरीच माणसं कमी केली. तुम्ही राहिलात. त्याच पगारावर माझं कॉलेज झालं, हे मी विसरत नाही. पण त्या दिवशी भीती वाटली असं एकदा म्हणाला असतात तर मला कळलं असतं. भीती म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायला नको. तुम्ही मात्र पोराला विकलंत ते विनोद करून, आणि मला दिलेलं कारणही टीव्हीवरून उचललेलं. मला शिकवलेलं एक तरी तुमच्यासाठी खरं होतं का, हे मी तेव्हापासून तपासत बसले आहे.

परवा दादा लोहाऱ्याहून ड्यूटी करून परस्पर माझ्याकडे आला. चहा पिताना एकदम म्हणाला, "बाबानं तो हात पाह्यला होता का गं? तू तं समोरच बसली होती." इतकी वर्षं त्याने हे कोणाला विचारलं नव्हतं. तुम्ही होतात तोवर तुम्हालाही नाही.

मी म्हटलं, "नाही दादा. ते तुयाकडंच पाहून राह्यले होते."

"मले वाटलंच," तो म्हणाला आणि दुसरा कप मागितला.

हा कागद तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही. तिथली धूळ दादा पुसतो. दादा आला त्या संध्याकाळी बुद्धवंदना घेताना बाकीची शीलं मी नेहमीसारखी म्हटली. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं तेव्हा ओठ हलवले, आवाज काढला नाही.