सोडलेली ओळ

तळोदा, १२ डिसेंबर १९६४

तीर्थरूप आप्पांस,

लाकडाच्या ठेकेदाराने भंगारातून आणलेली यांत्रिक करवत तुम्ही दोन महिने ओट्यावर बसून दुरुस्त केलीत. तुम्ही साखळीचा एकेक दात कानशीने घासायचात आणि मी इंग्रजी माहितीपुस्तक वाचून अर्थ सांगायची. एका ओळीवर माझं बोट अडलं. तुम्ही लगेच विचारलंत, "बेटी, आठे काय लिखेल शे?"

मी म्हटलं, "काही खास नाही."

त्यातला एक शब्द मला येत नव्हता आणि शब्दकोशातही नव्हता. पण नुकतंच तुम्ही शेजारी सांगून आला होतात, "मन्ही पोर बी.ए. शे."

आज सकाळी तेलाने चिकटलेली पुढची पानं सोडवली. तिथे चित्र आहे: पात्याचं टोक लाकडाला लागलंय आणि करवत उसळून माणसाच्या कपाळावर आली आहे. टोकाने कापू नये, हेच त्या ओळीत होतं.

आज दुपारी तुम्ही डोंगरात त्याच करवतीने पहिलं झाड पाडणार आहात. कोणाच्या हाती पत्र पाठवलं तरी तिथे तुम्हांला ते वाचून दाखवणारं कोणी नाही. म्हणून मीच जीपमध्ये येऊन बसले आहे. ड्रायव्हर म्हणतो, "गाडी भराई जाऊ दे ताई, मंग निघसूत." अजून तीन जागा रिकाम्या आहेत. मन थाऱ्यावर राहावं म्हणून हे लिहिते आहे.

मला पाहून तुम्ही विचाराल, "तू आठे कशी?" तेव्हा आधी एवढंच सांगेन की आप्पा, ती ओळ मला आली नव्हती.

तुमची,
रंजना