अंकिताच्या केसांबद्दल

म्हसवडजवळ, वस्तीवरून
रविवार, ११ जानेवारी

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. सांगलीत थंडी कशी आहे? पार्लरमध्ये लग्नसराईची गर्दी असेल. इथे सगळे आपापल्या जागी आहेत. ह्यांची पलटण अजून वर बर्फातच आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आवाज मात्र ठणठणीत आहे. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. स्वयंपाकघरात बोललेलं सोप्यात ऐकू जातं, आणि मला जे सांगायचंय ते मोठ्यानं बोलायला माझी जीभ उचलत नाही.

आधी तुझ्या उपायांचं सांगते. उन्हाळ्यात अंकिताचं तोंड बघून तू म्हणाली होतीस, ह्या पोरीच्या कपाळावर पापड तळून निघतील. आठवीत जाणारी पोर, केवढी रुसली होती! पण तुझं सगळं तिनं नेमानं केलं. दोन वेळा तोंड धुणं, तेही घासून नाही. मुलतानी मातीचा लेप पुरता कडक व्हायच्या आत काढायचा. फोडांना नख लावायचं नाही. उशीचा अभ्रा तर इतक्यांदा बदलायची की धुवून माझे हात दुखले. लिंबू चोळायचं नाही हे तिनं वर्गातल्या मुलींनाही बजावलं, मोठी डॉक्टरीण असल्यासारखं. गणपतीपर्यंत तोंड स्वच्छ झालं. आरशासमोरून हलायची नाही, मी ओरडायची.

केसांचं जमलं नाही. टाळूला तेल नको, एक दिवसाआड धू, असं तू सांगून गेलीस. तुला काय जातंय सांगायला, तुझ्या घरात नळ आहे आणि सासू नाही. इथे सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मधे एखादी चतुर्थी नाहीतर अमावास्या. उरलेल्या दिवशी टँकर येईलच असं नाही. आज डोकं धुवायचं का, हे पोरीनं आजीला विचारायचं आणि आजीनं नाही म्हणायचं, असं चालायचं.

दिवाळीत तिला टायफॉइड झाला. डोक्याला पाणी नाही, आणि ताप उतरावा म्हणून सासूबाई टाळूवर तेल थापायच्या. मानेपाशी गुंता झाला. तो सुटावा म्हणून मीच त्यात आणखी तेल ओतलं. एरवीच तेलकट केस, त्यात हे तेल. त्यावर धूळ बसली, कोंडा बसला. फणी आत शिरेना. बरी होऊन उठेपर्यंत त्याचा दोरखंड झाला होता.

मी अजून गुंता म्हणतेय. इथे त्याला जट म्हणतात.

मी कात्री घेऊन बसलेच होते, तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी माझा हात धरला. “ठेव खाली. देवी आलीया पोरीच्या डोस्क्यात. आता हिला फणी न्हाई, कात्री न्हाई. लय भाग्य लागतंय, संयोगिता.” हळदकुंकू आणून त्या तेलकट लडीला लावलं आणि नातीच्या पाया पडल्या. अंकिता माझ्याकडे बघून हसली. तिला गंमत वाटली, ताई.

आता हसत नाही. शेजारच्या बायका येतात, तिच्या पाया पडतात, पोरंबाळं पुढे घालतात. जटेखाली मानेवर जखम झालीय, वास येतो, उवा झाल्यात. पोर कुशीवर झोपते. तोंड धुणंही सोडलंय. कपाळभर पुन्हा फोड आले. मी माती भिजवून दिली तर म्हणाली, “आता कुनाला दावायचंय गं तोंड?” तेरा वर्षांच्या पोरीनं हे म्हणावं?

माघी पौर्णिमेला सासूबाई तिच्या हातात देवीची परडी देणार आहेत. परडी आली की शाळा गेली, लग्नाचा विषय संपला, दारोदार जोगवा मागायचा. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, “आई म्हणती तसं कर. मी हितनं काय करू?” सीमेवर बंदूक घेऊन उभा असलेला माणूस आईपुढे तोंड उघडत नाही.

कापून टाक की, म्हणशील. मी परवा दुपारी घरात कुणी नसताना पुन्हा कात्री काढली. अंकितानंच मानेवर हात धरला. “आई, नगं. त्या राहीबाईनं सुनेची जट कापली आन् तिचा लेक गेला. मला काय झालं तर तू एकटी काय करशील?” राहीबाईचा मुलगा मोटारसायकलवरून पडून गेला, मला माहीत आहे. पण गावात सगळे म्हणतात की कापणाऱ्याच्या लेकरावर येतं. मी बारावी झालेली बाई, आणि मी कात्री परत डब्यात ठेवली. मला भीती वाटते, ताई. मी खोटं कशाला बोलू?

म्हणून तू ये. पौर्णिमेच्या आत ये. वाण द्यायला आले म्हण. सासूबाई हळदीकुंकवाला बाहेर पडल्या की जटेवर कात्री चालव आणि डोकं साफ धुऊन दे. अंकिताला मी धरते. पुढे मला घराबाहेर काढलं तरी मी बघून घेईन.

इथेच थांबून पत्र बंद करणार होते. तुझा हात चांगला आहे, तू रोज केस कापतेस, म्हणून तुला बोलावतेय, एवढंच तुला वाटलं असतं. पण तू का, हे मला ठाऊक आहे. कापणाऱ्याच्या लेकरावर येतं, आणि तुला लेकरू नाही. तू किती दवाखाने केलेस, माझ्या मांडीवर डोकं ठेवून कशी रडलीस, ते मी पाहिलंय. तरी आज सकाळी भाकरी थापताना माझ्या मनात आलं, ताईचं काय जाणार आहे?

लिहिलं. खोडत नाही. खोडलं तर तू फसून येशील. नाही आलीस तर मी तुला बोल लावणार नाही. आलीस तर हे वाचून ये.

जिला आज तुझं रिकामं घर उपयोगाचं वाटलं, ती तुझी धाकटी बहीण,
संयोगिता