सौरडागांची वही

सर, तुमच्यावर ओरडून मी कॉलेज सोडलं त्याला बारा वर्षं झाली. पुढच्याच हिवाळ्यात तुम्ही वारलात. गच्चीवर रोज साडेदहाला दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडायचं, त्यावरचे डाग पेन्सिलीनं गिरवायचे आणि तो कागद वहीत लावायचा, हे काम तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून सांगितलंत, "डाग म्हणजे चुंबक हाये गा, पृथ्वीपेक्षा मोठा. खालून उकळून येणाऱ्या वायूले तो वर येऊच देत नाही. म्हणून तेवढी जागा थंड, म्हणून काळी. अन् काठावरचा वायू बाहेर पळून राहिला." मला पळताना काही दिसलं नाही. मान मात्र डोलावली.

त्या फेब्रुवारीत सूर्यावर डागांची एक ठसठशीत जोडी होती, आणि जिच्यासाठी मी वेडा झालो होतो तिचं लग्न ठरलं होतं. ती शालू घ्यायला इतवारीच्या बाजारात येणार हे कळलं, आणि साडेदहाला मी गच्चीवर नव्हतो, दुकानासमोर सायकल धरून उभा होतो. तिनं मला एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हा नको वं आई, दुसरा दाखवायले सांग."

दुपारी गच्चीवर येऊन मी कालच्या कागदावरून ती जोडी जराशी पश्चिमेला सरकवून काढली. तुम्ही कागद उजेडात धरला.

"काय गा, आज सूर्य पाहिला?"

"पाहिला, सर."

"जोडीतला मागचा डाग फुटला. चार तुकडे झाले त्याचे. मी सकाळीच घरच्या दुर्बिणीतून पाहिलं. तुझ्या कागदावर तर अख्खाच हाये."

मागून वर्गातलं कोणीतरी म्हणालं, "सर, हा दुसराच सूर्य पाहून राहिला!" सगळे हसले. माझं डोकं फिरलं. पेन्सिल भिरकावली, "तुमचा सूर्य तुम्हीच काढा" म्हणालो आणि जिना उतरलो. वरून तुमचा आवाज आला, "अरे, उद्याचा कागद कोण काढन?"

चारचौघांत अपमान झाला म्हणून सोडलं, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे तुम्ही आता मागची पानं उलटाल, याची धास्ती होती. त्या वहीत आणखी तीन दिवस मी सूर्याकडे न पाहताच काढलेत. तेव्हा डाग फुटले नाहीत, एवढंच.

परवा तुमच्या जागी आलेले सर महाल भागातल्या रस्त्यावर भेटले. ती वही ते अजून मुलांना दाखवतात, पान न् पान डोळ्यांनी पाहून काढलेलं आहे म्हणून. हे पत्र त्यांच्या हाती द्यायला पाहिजे. देत नाही. ते आधी हेच विचारतील, कोणते तीन दिवस? आणि ते मलाही आठवत नाहीत.