मागचा चाप

११ फेब्रुवारी, मंगळवार

घरात गोळी सुटली! लिहिताना अजून खोटंच वाटतंय.

दुपारी भाजी घेऊन जिना चढत होते. दाराशी पोचतेय तोच आवाज. सिलिंडर फुटला असं वाटून पिशवी तिथेच टाकली नि धावले. आतल्या खोलीत हे पलंगावर बसलेले, सासऱ्यांची शिकारीची रायफल मांडीवर, केसांवर पांढरा गिलावा. छताला भोक. वर गच्ची आहे म्हणून कोणाला लागलं नाही.

"साफ करत होतो. चुकून उडाला बार." एवढंच बोलले.

शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं. पंचनामा झाला. रायफल घेऊन गेले – बरं झालं. मला विचारलं, मीही तेच सांगितलं, "साफ करताना चुकून." सही करून मोकळी झाले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सलोनीचा बंगलोरहून फोन. आधी रडली, मग माझ्यावरच घसरली. "आई, पार्किन्सन्स झालेल्या माणसाच्या हातात बंदूक दिलीसच कशी?"

मी दिली! शिकारबंदी झाल्यापासून कपाटात पडून होती ती. सासऱ्यांना विकवेना, त्यांच्यामागे ह्यांना विकवेना. परवाना नावावर करून घेतला, वर्षाकाठी तेलपाणी, बस्स.

हात थरथरला असणार. दुसरं काय? दिवाळीत निदान झालं तेव्हापासून कप धरवत नाही. जन्मभर कॉलेजात इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलं, पट्टीशिवाय सरळ रेघ मारायचे – आता सही जमत नाही. बँकेतल्या मुलीनं परवा "आजोबा, अंगठा चालेल" म्हटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पण साफ करायला काडतूस कशाला लागतं?

काडतुसांचा डबा वेगळ्या कपाटात, वेगळ्या कुलपात असतो. भांडी घासता घासता हे डोक्यात आलं आणि हात थांबला.

विचारलं. "कुसुम, पुरे." आणि पेपर तोंडापुढे धरला. पेपर थडथड वाजत होता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कँपात मुनव्वरभाईंकडे जाऊन आले. बंदुका दुरुस्त करतात. सासऱ्यांच्या काळापासून आमची रायफल त्यांच्याकडेच जाते. म्हटलं, हात थरथरून बार उडू शकतो एवढं त्यांच्या तोंडून ऐकावं, म्हणजे सलोनीला सांगता येईल. मलाही झोप लागेल.

"वहिनी, बसा आधी." चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हात थरथरून ती उडणार नाही."

दुकानातली तसलीच एक जुनी रायफल काढली, उघडून रिकामी असल्याचं दाखवलं. एकामागे एक दोन चाप. मला वाटायचं दोन नळ्या तर दोन चाप – पण हिला नळी एकच!

"पुढचा ओढा." ओढला. चांगलाच जड, बोट दुखलं. "पाहिलंत? थरथरीनं हा सुटत नाही. आता आधी मागचा ओढा." टक् झालं. "ह्यानं बार होत नाही. आतली स्प्रिंग फक्त ताणून बसते. ह्याला सेट ट्रिगर म्हणतात. आता पुढच्याला बोट लावा—"

लावतेय तोवर खट्! केवढी दचकले.

"इतका हलका कशाला हवा?"

"नेमासाठी. जड चाप ओढताना नळी हलते. जनावर लांब उभं आहे, तुम्ही बसून, नळी टेकवून निवांत नेम धरलाय – तर मागचा ओढायचा, श्वास रोखायचा, पुढच्याला नुसतं बोट टेकवायचं. गोळी जिथं हवी तिथंच. पण रानात चालताना किंवा पळत्या जनावरामागे बिलकुल नाही. झुडपाची फांदी लागली तरी उडेल. तुमचे सासरे मला सांगायचे, मागचा चाप सगळ्यात शेवटी, मन पक्कं झाल्यावर."

मन पक्कं झाल्यावर.

"म्हणजे ह्यांनी मागचा…"

"तो आपोआप ओढला जात नाही, वहिनी."

निघताना म्हणाले, "पोलिसांनी मला विचारलं तर खोटं सांगणार नाही. पण आधी तुम्ही घरी त्यांना विचारा."

बसमध्ये माझा स्टॉप कधी गेला कळलं नाही. परत चालत आले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सुताराला बोलावून बाथरूमची आतली कडी काढून घेतली. हे बघत उभे. "दारच काढायचं की."

१९ फेब्रुवारी, बुधवार

औषधाच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये. सुरी माझ्या उशीखाली. गच्चीची किल्ली वॉचमनकडे. किती नि काय काय लपवणार मी? माणूस शेजारच्या खोलीत शब्दकोडं सोडवतोय आणि मी दाराआडून श्वास मोजतेय. राग येतो. मग त्या रागाची लाज वाटते. माझ्याजवळ एक शब्द बोलावासा वाटला नाही ह्यांना? संसार केला तो काय भिंतीशी?

डॉक्टरांची उद्याची वेळ मागितली. "काय त्रास होतोय?" दवाखान्यातल्या मुलीनं फोनवर विचारलं. "येऊन सांगते," म्हटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

विचारलं. सरळ. "मागचा चाप कोणी ओढला?"

"मी." आणि भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरांकडे आले नाहीत. मी एकटीच गेले, सगळं सांगितलं. "एकटं ठेवू नका. उद्या त्यांना घेऊनच या," म्हणाले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी चहा घेताना आपणहून बोलले. काडतूस भरलं होतं. मागचा चाप ओढला होता. "मग नको वाटलं, कुसुम. एकदम, नकोच वाटलं." ताणलेला चाप तसाच सोडून चालत नाही, उतरवावा लागतो – मागचा दाबून धरायचा, पुढचा ओढायचा आणि मग मागचा हळूच सोडायचा. म्हणून नळी छताकडे केली. उतरवताना हात थरथरला. बार उडाला तो तेव्हा.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधीचंही सांगावं लागलं असतं."

मग त्यांनी स्वतःच सलोनीला फोन लावला. नंबर दोनदा चुकला. मी हात पुढे केला नाही.